‘रानसोबत’मधला गावठी पाहुणा

मी निळ्या. मी एक कुत्रा आहे आणि माणसांविषयी मला फारसा आदर नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. मागाहून कुणी म्हणायला नको, की हा तोंडावर गोड आणि पाठीमागं कडू. मी तोंडावरही कडूच आहे. चार-दोन माणसं सोडली तर बाकीच्यांची मला कीवही येत नाही. कीव यायलासुद्धा समोरच्यात काहीतरी असावं लागतं.

रंगानं मी मातकट. एक कान उभा, एक पडलेला, शेपटी वळलेली. निळं म्हणावं असं आज माझ्या अंगावर काही सापडायचं नाही. पण जन्मलो तेव्हा चारही पंजे निळे होते. उल्हासनगरात जीन्स धुण्याचा एक कारखाना होता. त्याच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, कापडाच्या कातरणाच्या ढिगावर आईनं आम्हाला जन्म दिला. शेडच्या कडेनं रंगाचं पाणी वाहायचं. चालायला लागल्यापासून आम्ही भावंडं त्याच पाण्यातून बागडायचो, म्हणून पंजे निळे. कारखान्याचा सिंधी शेठ आम्हाला बघून म्हणायचा, "ये तो अपना ही माल है, कलर पक्का है." शेठ वाईट नव्हता. लाथ मारायचा, पण नेम धरून मारायचा नाही.

त्याच कारखान्यात बबन रोकडे होते. कापडाला रंग किती चढला, किती उतरला, हे बघायचं त्यांचं काम. डब्यातली शेवटची अर्धी भाकरी ते आमच्यासाठी ठेवायचे. पुढं कारखान्याला टाळं लागलं. शेठ गेला, मशिनी गेल्या, आई टेम्पोखाली आली, भावंडं पांगली. मी टाळ्यासमोर बसून राहिलो, कारण दुसरीकडं कुठं जायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं. एक दिवस बबनराव आले. आत त्यांची छत्री राहिली होती. छत्री मिळाली नाही, मी मिळालो. त्यांनी मला भाजीच्या पिशवीत घातलं, पिशवी स्कूटरला अडकवली आणि अंबरनाथ पूर्वेला घरी आणलं.

त्यांच्या बायकोनं, रखमाबाईंनी, पिशवीत डोकावून पाहिलं. "छत्री आणायला गेला होतात ना?" एवढंच म्हणाल्या. मग दुधात भाकरी कुस्करून ती निवेपर्यंत फुंकर घालत बसल्या.

नाव बबनरावांनीच ठेवलं. "आपल्या घरात निळा रंग चालतो," असं म्हणून ते भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडं बघून हसले. त्यांची मुलगी संध्या तेव्हा कॉलेजात होती. तिनं माझे पंजे साबणानं घासून घासून पाहिले आणि शेवटी सोडून दिले. पंजे आपोआप मातकट झाले. नाव राहिलं.

बरीच वर्षं चांगली गेली. चांगल्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फार नसतं. मग बबनरावांच्या छातीत दुखलं आणि ते दवाखान्यातून परत आले नाहीत. दोन-तीन दिवस मी स्कूटरपाशी बसलो. रखमाबाई मात्र चौथ्या दिवशी पहाटे उठून कणीक मळायला लागल्या. त्यांचं पोळी-भाजीचं काम होतं. बिल्डिंगमधले, पलीकडच्या गल्लीतले नोकरदार डबा न्यायचे. त्यांच्या हाताखाली पोळपाट आणि पायाशी मी, असं आमचं ठरून गेलं. त्या बोलायच्या, मी ऐकायचो. बबनरावांबद्दल त्या माझ्याशीच बोलायच्या. संध्याशी नाही, कारण संध्या रडायची.

संध्या एका विमा कंपनीच्या ऑफिसात लागली होती. पोरगी कष्टाळू, मायाळू, पण तिच्यात एक खोड होती. कुणी नाराज होईल म्हणून ती आधीच सॉरी म्हणायची. रिक्षावाल्यानं तिच्या पायावरून चाक नेलं तरी सॉरी हीच म्हणेल. मला हे कधीच आवडलं नाही. दात असलेल्या प्राण्यानं असं वागू नये.

तिच्या मनानं घेतलं, की आईला एकदा कुठंतरी आयतं राहायला न्यायचं. रखमाबाई आयुष्यात परक्या जागी झोपल्या त्या दोनच ठिकाणी, नातेवाइकांकडं आणि दवाखान्यात. दोन्हीकडं त्या कामालाच लागल्या होत्या. संध्यानं मोबाइलवर जागा शोधली. बदलापूरच्या पुढं, ‘रानसोबत’ नावाचा कॅम्प. लाकडी केबिन, झाडी, शेकोटी, बसल्या जागी जेवण. खाली पंजाचं चित्र आणि लिहिलेलं, ‘तुमचे लाडके प्राणी आमचेही लाडके’.

"निळ्या येणार असंल तर येते," रखमाबाई म्हणाल्या. "त्याला टाकून मला घास उतरायचा नाही."

संध्यानं फोन करून खात्री केली. पलीकडून गोड आवाज आला, "ऑफ कोर्स मॅम, वुई लव्ह डॉग्ज." पैसे भरले. मला त्या जागेचे फोटो दाखवले. मी हुंगून पाहिले. फोटोला वास नसतो, आणि माणसं फोटो बघून जागा ठरवतात. यावरूनच या जातीची अक्कल कळावी.

हिवाळ्यातला शनिवार होता. आम्ही रिक्षा केली. खरवईच्या नव्या बिल्डिंगा मागं पडल्या, मग वीटभट्ट्या, मग फार्महाउसांच्या भिंती. रखमाबाईंनी ठेवणीतली साडी नेसली होती आणि मांडीवर पोळ्यांची पिशवी घेतली होती.

"आई, तिथं सगळं मिळतं," संध्या म्हणाली.

"मिळू दे की."

फाटकावर पंजाचं मोठं चित्र रंगवलं होतं. ते रंगवणाऱ्यानं कुत्र्याचा पंजा कधी पाहिला नसावा, कारण त्याला बोटं पाच होती. फाटक सुजितनं उघडलं. कॅम्प त्याचा आणि त्याच्या बायकोचा. शहरातली कसलीशी नोकरी सोडून त्यांनी ही जागा भाड्यानं घेतली होती, आणि निसर्गाचा आपल्याला लळा आहे हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. त्याच्या डोक्यावर टोपी होती आणि तोंडावर हसू.

"वेलकम होम," तो म्हणाला. मग त्याला मी दिसलो आणि हसू फिकट झालं. "हा पेट आहे?"

"मग काय आहे?" संध्यानं विचारलं.

"नाही, फोनवर तुम्ही डॉग म्हणाला होतात."

"डॉगच आहे."

त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं, बहुधा मी मांजर निघतो की काय या आशेनं. मग म्हणाला, "पेटची वेगळी फी आहे मॅम. वजनावर असते. स्मॉल, मीडियम, लार्ज."

हे मोबाइलवर कुठं लिहिलं नव्हतं, असं संध्या म्हणाली. ते पॉलिसीच्या पानावर आहे, असं सुजित म्हणाला. ते पान उघडत नव्हतं. संध्या म्हणाली, "बरं, सॉरी, किती ते सांगा."

सांगण्यासाठी माझं वजन करायला हवं होतं. त्यानं आतून माणसांचा वजनकाटा आणला. मी त्यावर उभा राहिलो नाही. काच पायाला थंड लागत होती आणि मला कारणही दिसत नव्हतं. तेव्हा सुजितला युक्ती सुचली. "मॅम, तुम्ही याला उचलून उभ्या राहा. मग एकट्या उभ्या राहा. वजा केलं की झालं." संध्यानं मला उचललं. सुजितनं आकडा मोठ्यानं वाचला. मग तिला एकटीला उभं केलं आणि तो आकडा त्याहून मोठ्यानं वाचला. राखणीला ठेवलेला सदू म्हणून एक म्हातारा बाजूला उभा होता, तो बिचारा फाटकाबाहेरच्या आंब्याकडं बघायला लागला. संध्याचं वजन तिच्या आईलाही ठाऊक नव्हतं. आता ते सगळ्या रानाला कळलं. मी लार्ज निघालो. मी लार्ज नाही.

फी भरली आणि आम्ही आत निघालो, तेवढ्यात सुजितची बायको किर्ती आली. तिच्या कडेवर कोको होती. कोको ही पांढरी, केसाळ, चपट्या नाकाची कुत्री. कपाळावरचे केस डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून तिला क्लिप लावली होती. किर्तीच्या हातात चहाचा कप होता आणि कोको मधूनच त्यात जीभ घालत होती.

किर्ती मला पाहून थांबली. "याची जात काय?" तिनं विचारलं.

रखमाबाई माझ्या शेजारीच होत्या. पिशवीवरची त्यांची बोटं आवळली गेली.

"कुत्रा आहे," त्या म्हणाल्या.

"तसं नाही मावशी, जात. लॅब, पग, काहीतरी असेल ना? मिक्स तरी?"

"उल्हासनगरचा आहे."

किर्ती हसली. वाईट नव्हती हसली, समजुतीनं हसली. तसलं हसू मला चावण्याइतकं खुपतं. "गावठी आहे म्हणजे. त्याचं काय आहे, ब्रीडवाले डॉग्ज आम्ही केबिनमध्ये अलाउ करतो. गावठींची सोय बाहेर आहे. त्यांच्या अंगावर पिसवा असतात ना. मी पर्सनली असलं काही मानत नाही हं. पण बाकीच्या गेस्टना चालत नाही."

बाकीचे गेस्ट कुठं होते ते मी शोधलं. कॅम्पवर दुसरं कुणी नव्हतं. आणि हे वाक्य मला ओळखीचं होतं. लग्नानंतर भाड्यानं खोली शोधताना आडनाव विचारून झालं की घरमालक काय म्हणायचे, याची नक्कल बबनराव फार छान करायचे. ‘आम्ही मानत नाही हो, पण बाकीचे भाडेकरू आहेत.’ घरात सगळे हसायचे. रखमाबाई सोडून.

संध्या म्हणाली, "सॉरी, पण आई त्याच्याशिवाय राहत नाही. काही होणार नाही का?"

सुजितनं बायकोकडं पाहिलं, बायकोनं सुजितकडं. मग असं निघालं, की जादा आकार भरला तर एवढ्यापुरतं आत चालेल. गादीवर नाही, फक्त चटईवर. संध्यानं तोही भरला. म्हणजे पैसे भरल्याबरोबर माझ्या अंगावरच्या पिसवा मेल्या म्हणायच्या. आणि त्या बाकीच्या गेस्टनाही चालायला लागलं.

ज्या केबिनसाठी हे सगळं चाललं होतं ती लाकडाची नव्हतीच. पत्र्याची होती, वरून लाकडाचं चित्र असलेला कागद डकवलेला. कोपऱ्यात तो सुटून लोंबत होता. आत ओलीचा, फिनाइलचा आणि शिळ्या सिगारेटचा वास. झाडी म्हणजे कुंपणाला लावलेली प्लास्टिकची वेल. त्यापलीकडं शेजारच्या फार्महाउसवर कुणाच्या तरी हळदीची गाणी लागली होती, आणि खिडकीची काच त्यांच्या तालावर वाजत होती.

"छान आहे," संध्या म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं.

तिनं आईला बाहेर खुर्चीत बसवलं आणि फोटो काढले. "आई, हस ना." रखमाबाई हसल्या. हात कुठं ठेवायचे ते त्यांना कळत नव्हतं. दोनदा त्या उठल्या आणि दोनदा संध्यानं त्यांना परत बसवलं. "तू काही करायचं नाहीयेस. आज तू नुसती बसायचंस." ती हे इतक्या आशेनं म्हणत होती, की मी माझी पाठ रखमाबाईंच्या पायाला टेकवून दिली. त्यांनी बसावं म्हणून. त्या बसल्या.

मी आत चटईवर गेलो तेव्हा मला आधी कळलं ते हे, की तिथं कोको येऊन गेली आहे. काल किंवा परवा. डाग वाळला होता, पण वास ताजा होता. मी कोपऱ्यात, त्या डागापासून लांब बसलो.

चहाचे कागदी कप घेऊन सुजित आत आला आणि त्याची नजर चटईवर गेली.

"अरे, हे काय? इतक्यात?"

संध्या गुडघ्यावर बसली. तिनं डागाला हात लावून पाहिला. "हे वाळलंय," ती म्हणाली. "हे आधीचं आहे."

"मॅम, इथं डॉग एकच आहे."

त्याच वेळी कोको दारातून आत आली, मला वळसा घालून गेली आणि गादीवर चढून बसली. दारात मागोमाग आलेली किर्ती म्हणाली, "कोको ट्रेन्ड आहे. ती असं करतच नाही." मी कोकोकडं पाहिलं. तिनं मान वळवली. तिला मी दोष देत नाही. दिवसभर कडेवर, कपाळाला क्लिप, आणि हुंगायला म्हणून चहाचा कप. असं आयुष्य असतं तर मीही चटईवरच केलं असतं.

संध्या उठली. मला वाटलं, आता बोलेल. तिचा चेहरा लाल झाला होता. ती म्हणाली, "बरं, धुण्याचा आकार लावा. पण याला आत राहू द्या."

"सॉरी मॅम. आता बाहेरच."

त्यांनी जागा दाखवली. मागच्या बाजूला, न्हाणीच्या सांडपाण्यापाशी, टाकीच्या आडोशाला. तिथं आधीच लोखंडी खुंटी ठोकलेली होती आणि तिच्याभोवती जमीन घासून गुळगुळीत झाली होती. मी हुंगलं. माझ्यासारखे बरेच पाहुणे येऊन गेले होते. फाटकावरचा पंजा आमच्याचसाठी होता म्हणायचा. बोलावण्यासाठी तो पंजा, आणि आलेल्यांसाठी ही खुंटी.

सदू दोरी घेऊन आला. "बांदाचा कशाला गो पोरी," तो हळूच म्हणाला, "यो कुठं पलतंय."

"त्यांना तसं हवंय," संध्या म्हणाली. आणि दोरी तिनं स्वतः घेतली.

रखमाबाई कोपऱ्यावर येऊन उभ्या होत्या. संध्या त्यांच्याकडं न बघता म्हणाली, "एक रात्र आहे, आई. त्याला काही होत नाही. मी किती मुश्किलीनं सुट्टी काढलीय."

"मी काय म्हटलं का?"

"तू काही म्हणत नाहीस, तेच."

तिनं गाठ मारली. माझ्या डोळ्यांकडं तिनं पाहिलं नाही. मार खाणारं कुत्रं मी पाहिलंय, त्याच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. मार खाऊन शेपूट हलवणारंही पाहिलंय. आमची संध्या त्या दुपारी तसली होत होती, आणि ज्यांच्यासमोर होत होती ती माणसं तिच्या नखाचीही नव्हती. माझ्या बांधल्या जाण्यापेक्षा मला त्याचा जास्त राग आला.

ऊन टाकीवरून माझ्यावर सरकलं. तहान लागली. माझं भांडं केबिनमध्ये सामानात होतं, आणि संध्या त्या वेळी जेवणाची चौकशी करायला पुढं गेली होती. रखमाबाई आल्या त्या जेवणाच्या टेबलावरची स्टीलची वाटी घेऊन. नळाखाली भरली आणि माझ्यासमोर वाकल्या.

"मावशी, मावशी." स्वयंपाकघराच्या खिडकीतून किर्ती. "आमच्या भांड्यात नका ना देऊ. ते भांडं मग आम्हाला वेगळं ठेवावं लागतं. तुम्ही असं करा, वरून ओता. पितात ते."

रखमाबाईंचा हात जागच्या जागी थांबला. पाणी माझ्या नाकापाशी होतं, वास येत होता, पण मी तोंड घातलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही मी बबनराव गेले त्या दिवशीही पाहिलं नव्हतं. रडू नव्हतं ते. फार लांबचं काहीतरी चालत चालत जवळ आल्यासारखं होतं.

मग त्या खाली बसल्या. ठेवणीतल्या साडीनिशी, त्या ओल्या मातीत. वाटी दोन्ही हातांनी माझ्या तोंडाशी धरली. "पी," म्हणाल्या. मी प्यालो. त्यांनी पुन्हा भरली, मी पुन्हा प्यालो. घाई केली नाही त्यांनी. किर्ती बाहेर आली होती, सुजितही आला. संध्या धावत आली. रखमाबाई उठल्या, वाटी पदरानं पुसली आणि काखेला अडकवलेल्या पोळ्यांच्या पिशवीत टाकली.

"ही मी घेऊन जाते," त्या किर्तीला म्हणाल्या. "तुम्हाला वेगळी ठेवायचा त्रास नको. हिचे काय होतील ते लावा. एवढं सगळं लावलंत, हेही लावा." मग वळून म्हणाल्या, "संध्या, सामान भर."

"आई, पैसे परत मिळणार नाहीत."

"मला फुकट ठेवलं असतं तरी मी राहिले नसते."

"आई, प्लीज. काय झालं ते तरी सांग."

रखमाबाईंनी एकदा किर्तीकडं पाहिलं, मग मुलीकडं. त्यांचा आवाज चढला नाही. "माझ्या आजीला वरून ओतायचे," त्या म्हणाल्या. "गावाकडं, विहिरीवर. ती ओंजळ धरून बसायची, आणि मी तिच्या शेजारी उभी असायची. तुला हे कधी सांगितलं नाही. तुला माहीत असायची गरज नव्हती. आज कुत्र्याला वरून पाजायला सांगतात, आणि तू त्याला बांधून येतेस."

संध्या माझ्यापाशी येऊन बसली आणि गाठ सोडायला लागली. गाठ तिनंच मारलेली, पण तिलाच सुटेना. नख मोडलं. सदू पुढं झाला तर तिनं मान हलवून त्याला थांबवलं. रखमाबाई नुसत्या बघत उभ्या राहिल्या, आणि मला वाटतं त्यांनी बरोबर केलं. शेवटी दोरी सुटली. संध्यानं माझ्या मानेत तोंड खुपसलं आणि मला सॉरी म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं तो शब्द योग्य जागी खर्च केला.

किर्तीचा चेहरा उतरला होता. "अहो मावशी, तुम्ही भलताच अर्थ काढताय. मी हायजिनबद्दल बोलत होते. आम्ही तसले नाही हो."

"तुम्ही कसले ते मी कुठं विचारलं?" रखमाबाई म्हणाल्या.

किर्ती आत वळली. सुजितला मात्र बोलायला सुचलं. त्याच्यासारख्यांना नेहमीच काहीतरी सुचतं. तो फाटकापर्यंत आमच्यामागं आला आणि म्हणाला, "डिनर रेडी होत होतं मॅम. एनीवे. रिव्ह्यू लिहिताना प्लीज, छोटा बिझनेस आहे आमचा."

संध्या थांबली. "बिझनेस छोटा नाहीये," ती म्हणाली. आणि सॉरी म्हणाली नाही.

रस्त्याला रिक्षा नव्हती. आम्ही चालत निघालो. रखमाबाई गुडघ्यांमुळं हळू चालत होत्या, मीही आता तसाच चालतो. ऊन कलायला लागलं होतं. एका कापलेल्या शेताच्या बांधावर त्या बसल्या आणि पोळ्यांची पिशवी उघडली. संध्या आधी नुसती रडत होती, मग रडत रडत जेवायला लागली. मला पोळी मिळाली, गुळासकट. शेजारून म्हशी गेल्या. मला वाटतं तेवढा अर्धा तास आम्ही खरोखर सहलीला आलो होतो.

"आजीचं नाव काय होतं?" संध्यानं विचारलं.

"चांगुणा," रखमाबाई म्हणाल्या. मग त्या चांगुणाबाईंविषयी बोलत राहिल्या. ती भांडखोर कशी होती, तमाशाची गाणी कशी म्हणायची, पोरींना शाळेत घालताना सरपंचाच्या दारात कशी बसून राहिली. हे त्यांनी मलाही कधी सांगितलं नव्हतं. रिक्षा आली तरी त्या बोलतच होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या उशिरापर्यंत झोपल्या. डब्यासाठी दार वाजलं तेव्हा संध्यानं उघडलं आणि म्हणाली, "आज बंद आहे." गिऱ्हाईक कुरकुरलं. संध्यानं दार लावून घेतलं.

तिनं घडलं तसं लिहून मोबाइलवर टाकलं. एकही वाईट शब्द वापरला नाही, म्हणून ते जास्तच वाईट दिसलं. आठवड्याच्या आत किर्तीचा फोन आला. आवाज तोच गोड. लिहिलेलं काढून टाकलं तर माझी सगळी फी परत द्यायला ती तयार होती, वर एक रात्र फुकट. मलाही आत घेणार होती, गादीवरसुद्धा. संध्यानं फोन आईपुढं धरला.

"राहू द्या ते पैसे तुमच्याकडं," रखमाबाई पोळी लाटता लाटता म्हणाल्या. "तुमच्याकडं दुसरं काही दिसलं नाही."

आता मी म्हातारा झालोय. डोळ्यांपुढं धुकं आलंय. गॅलरीतल्या उन्हात पडून असतो, जिना उतरताना मागचे पाय ऐकत नाहीत. आमच्या बिल्डिंगमध्ये कुणीतरी लिफ्टजवळ कागद चिकटवलाय, की प्राण्यांना लिफ्टमध्ये आणू नये. सेक्रेटरी शिवराम काकांनी संध्याला गाठून सांगितलं, "मला वैयक्तिक काही नाही गं, पण बाकीचे मेंबर आहेत." संध्यानं शांतपणे विचारलं, "कुठले मेंबर? नावं सांगा, मी जाऊन बोलते." काकांना एकही नाव आठवलं नाही. ते अजून आठवताहेत. आणि मी लिफ्टनं जातो.

तुम्ही वाचणारेही माणसंच, म्हणून तुमच्याकडून मी फार अपेक्षा ठेवत नाही. एवढंच सांगतो. ज्या दारानं मला सरळ हाकललं, त्याचा मला कधी राग आला नाही. हाड म्हटलं की आपण पुढं जायचं, त्यात फसवणूक नाही. पण ‘या’ म्हणून बोलवायचं, वजन करायचं, जात विचारायची, आणि मग खुंटी दाखवायची, हे आम्हा कुत्र्यांना कुणी शिकवूनही जमणार नाही. आम्ही गुरगुरतो ते आधी गुरगुरतो. तेवढं तरी आमच्याकडून उचला.

बाकी सगळं ठीक आहे. खाली गार हवा सुटलीय, आणि संध्या दारात साखळी घेऊन उभी आहे. साखळी नुसती हातात असते, बांधत नाही ती. येतो मी.